मागच्या जागेवरून कॅन्सस

दोघांनी चालवायच्या सायकलीवर मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ. माझ्या नवऱ्याची पाठ पाहत मी बारा दिवसांत अमेरिकेतले कॅन्सस राज्य पश्चिमेच्या सीमेपासून पूर्वेच्या सीमेपर्यंत ओलांडले. घामाचा डाग खांद्यांपासून सुरू होऊन दहा वाजेपर्यंत कमरेपर्यंत कसा उतरे, हे मला आजही सांगता येईल. त्याच प्रवासात, पाचव्या दिवशी सकाळी, त्यांच्या डाव्या पायातले बळ जाऊ लागल्याचे मला कळले. त्यांना स्वतःला कळण्याच्या कितीतरी आधी, आणि डॉक्टरांना कळण्याच्या सहा महिने आधी. मी बोलले नाही.

सायकलीवर मी पहिल्यांदा धडपणे बसले ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. सांगलीत, दहा वर्षांची असताना, भाड्याच्या सायकलीवरून मुलींच्या शाळेच्या फाटकासमोरच पडले होते. लागले फारसे नव्हते. पण सगळ्या मुली हसल्या, आणि पुन्हा सायकलीला हात लावायचा नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. मी अशीच आहे. अबू धाबीच्या एका भारतीय शाळेत वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही, वर्गाचे दार उघडण्यापूर्वी मी अजून एकदा घसा खाकरते. माझे यजमान नेमके उलटे. तिथल्याच मुसफ्फा भागातल्या एका कारखान्यात ते देखभाल विभागाचे इंजिनिअर होते. पुण्यातल्या कॉलेजच्या दिवसांपासून चाळीस वर्षे सायकल चालवत आलेले, आणि चार लोकांत सहज मोठ्याने हसणारे.

मुलगा शिकायला म्हणून कॅन्ससला गेला आणि नोकरीला लागून तिथेच राहिला. तेव्हापासून अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर त्या राज्याचा नकाशा पसरलेला असे.

"सपाट आहे गं," ते म्हणत. "आपल्यासारख्यांसाठीच केलंय देवानं."

"मला तोल सांभाळता येत नाही."

"तोल माझ्याकडे. तू फक्त पाय हलव."

मुलाला व्हिडिओ कॉलवर हा बेत सांगितला तेव्हा तो खुर्चीतच मागे कलंडला. "आई, ऑन अ टँडम? यू गेट नर्व्हस ऑन एस्कलेटर्स!"

"एस्कलेटरवर ती एकटी असते," त्याचे बाबा म्हणाले.

इथे आखातात माणसे कायमची परत निघाली की घर रिकामे करायला सोफ्यापासून कुंड्यांपर्यंत सगळे विकायला काढतात. अशाच एका निघालेल्या युरोपियन जोडप्याकडून आम्ही ती निळी सायकल घेतली. पुढच्याकडे ब्रेक, गिअर, हँडल. मागच्यालाही हँडल होते, पण ते नुसते धरायला, वळत नसे. दोघांची पायडले एका साखळीने जोडलेली. एकाने पाय फिरवले की दुसऱ्याचे फिरतातच, त्याने जोर लावला नाही तरी. त्यामुळे कोण किती ओढतो आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याला कधीच कळत नाही.

शनिवारी पहाटे आम्ही शहराबाहेरच्या सायकलमार्गावर सराव करू लागलो. दोन्हीकडे वाळू, मधून काळी गुळगुळीत पट्टी, आणि त्यावरून शिट्टीसारखे सरकणारे चमकदार कपड्यांतले तरुण. निघताना ते "यल्ला, मास्तरीणबाई!" म्हणत आणि मी उजवा पाय दाबे. थांबायचे असले की "बस". पुढे खड्डा असला तर "उडी". पहिल्या महिन्यात मी दोनदा पडले आणि दोन्ही वेळा, कोणी पाहिले का, हेच आधी पाहिले.

"लाजायचं तर मी लाजायला पाहिजे," ते म्हणाले. "मागच्याचं तोंड कुणाला दिसतंय?"

हे मात्र खरे निघाले. मागे बसून मला माझ्या लाजेपासून सुट्टी मिळाली. हळूहळू मी पायांनी ऐकायला शिकले. त्यांनी जोर लावला की माझ्या तळव्याखालचे पायडल हलके होई. ते दमले की जड. दीड वर्षाच्या सरावात मला त्यांच्या पायांची चाल पाठ झाली, जशी वर्षानुवर्षे शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासाची होते.

ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुट्टीत, आम्ही गेलो. कॅन्ससच्या उन्हाने तिथली माणसे हैराण झालेली होती. आम्हाला ते कोरडे ऊन सुखाचे वाटले. रस्ता सरळ, इतका सरळ की पुढच्या गावाची धान्याची उंच पांढरी कोठारे तासभर आधी दिसू लागत आणि तासभर तेवढ्याच अंतरावर राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अचानक "बस!" म्हटले, सायकल माझ्या हाती दिली आणि ते शेताच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"अगं, ज्वारी आहे ही!"

खरोखरच ज्वारी होती. कमरेएवढीच, पण कणसे तीच. आम्ही दोघे तिथे नातेवाईक भेटल्यासारखे उभे असताना एक म्हातारा शेतकरी गाडी थांबवून, काही मदत हवी का, विचारू लागला. हे पीक इथे मुख्यतः गुरांना घालतात, असे त्याने सांगितल्यावर माझे यजमान इतके दुखावले गेले की हातवारे करून त्याला भाकरी कशी थापतात ते त्यांनी इंग्रजीत समजावले. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट करून विचारले, "डज शी पेडल?"

"नो सर. शी इज लगेज."

म्हातारा गाडीच्या दारावर हात आपटून हसला. पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक खानावळीत हा प्रश्न आला आणि हेच उत्तर गेले. मला त्याचा राग येत नसे. खरे तर मला ते सामान असणे आवडत होते.

पाचव्या दिवशी सकाळी निघून अर्धा तास झाला असेल. वारा नव्हता, चढ नव्हता. माझ्या पायांना फेऱ्यात एक पोकळी लागली. उजवीकडून त्यांचा जोर नेहमीसारखा येत होता. डावीकडची पाळी आली की काहीच येत नव्हते. पायडल फिरत होते, पण त्यावर कोणी नव्हते. उजवा, पोकळी, उजवा, पोकळी. मी पाय थोडे सैल सोडून पाहिले, तर सायकल लगेच मंदावली. मी डाव्या पायाने जास्त जोर लावला आणि ती पूर्ववत चालू लागली.

माझा पहिला विचार असा होता, की माझेच काहीतरी चुकते आहे. बूट नीट बसला नसेल, सीट खाली गेली असेल. दुपारी मी सीटची उंची मोजून पाहिली. ती बरोबर होती. तरीही मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. ते चाळीस वर्षे सायकल चालवत आले होते आणि मी दीड. त्यांना जे जाणवत नाही ते मला जाणवते, असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटले. मुलांच्या वह्या तपासताना, उत्तर बरोबर असूनही खोडून टाकणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात. मी त्यांना रागावते.

त्या दिवसापासून डावीकडची पोकळी मी भरत गेले. मोटेलच्या फरशीवर त्यांची डावी चप्पल थोडी फटफटत होती, तेही मला ऐकू आले. सातव्या दिवशी, एका गावाच्या पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसलो असताना, मी धीर करून विचारले.

"अहो, डाव्या पायात काही होतंय का?"

"का? मागे बसून डॉक्टरकी सुरू केलीस?"

"नाही, सहज."

"माझ्या पायाला काय धाड भरलीय! उलट बघ की, आज गाडी कशी पळतेय. ओढतोय बघ तुला बैलासारखा."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मी पाण्याच्या बाटलीचे झाकण लावत बसले.

शेवटच्या तीन दिवसांत टेकड्या आल्या. कॅन्सस सपाट असते ही त्यांची कल्पना तिथे मोडली. गवताच्या लांबलचक लाटा, एक उतरली की दुसरी समोर. त्या चढांवर माझ्या मांड्या जळत होत्या, डोळ्यांपुढे ठिपके येत होते, आणि माथ्यावर पोहोचलो की ते दोन्ही हात सोडून आकाशाकडे बघत ओरडत, "जिंकलो!" मीही मागून ओरडे. मला आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने ओरडल्याचे आठवत नाही. बाराव्या दिवशी सीमेवरच्या फलकापाशी मुलगा गाडी घेऊन उभा होता. त्याने आम्हा दोघांना एकदमच मिठी मारली आणि म्हणाला, "यू टू आर क्रेझी. बाबा, यू ॲक्च्युअली डिड इट."

परत आल्यावर ती सफर आमच्या घरची कथा झाली. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, येईल त्या पाहुण्याला ते सांगत, "अख्खं कॅन्सस ओढत नेलं हिला."

"मग वहिनी काय करत होत्या?"

"देखावा बघत होत्या."

"कसला देखावा, भाऊ? तुमची पाठ!"

सगळे हसत. मी चकल्यांचे ताट फिरवी. एवढ्या वर्षांत स्वतःच्या कुठल्याच गोष्टीबद्दल इतक्या अभिमानाने बोलताना मी त्यांना पाहिले नव्हते, कारखान्यातल्या बढतीबद्दलही नाही.

डिसेंबरात ते कामावर दोनदा अडखळून पडले. मग डाव्या हाताने शर्टाची बटणे लागेनात. फेब्रुवारीत आम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर लखनौकडचे, वयाने आमच्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी विचारले, "ये तकलीफ़ कब से है?"

"दो महीने," यजमान म्हणाले. "उसके पहले एकदम फिट था, डॉक्टरसाब. अगस्त में तो इनको पीछे बिठाके पूरा कॅन्सस पार किया है."

डॉक्टर हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भाभीजी, आपने उससे पहले कुछ नोटिस किया?"

यजमान माझ्याकडे पाहत होते. आता बायको आपल्या पराक्रमाला दुजोरा देणार, अशा नजरेने.

"नहीं," मी म्हणाले.

तपासण्यांचे निकाल आल्यावर आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. स्नायूंना हलवणारे मज्जातंतू एकेक करून मरत जातात असा तो आजार होता. बुद्धी शाबूत राहते, बाकी सगळे थांबत जाते, आणि बरे करणारे औषध नाही. किती वेळ आहे, हे यजमानांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण दोन महिन्यांत एवढी झीज झाली असेल तर वेग फार आहे. घरच्या गोष्टी लवकर आवरून घ्याव्यात.

त्यांनी आवरायला घेतलेही. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर. तरी त्यांनी राजीनाम्याचा मसुदा लिहिला, मला शाळेत कळवायला सांगितले, मुलाला फोन केला. मुलगा फोनवर एवढेच म्हणाला, "आय एम कमिंग, बाबा. आय एम कमिंग." जेवणाच्या टेबलावर जिथे नकाशा असे तिथे आता यादी होती: काय न्यायचे, काय विकायचे. त्यांचे अक्षर वाकडे येत होते. ते भराभर लिहीत होते, गाडी सुटायची वेळ झालेल्या माणसासारखे.

चार दिवस मी ते पाहिले. डॉक्टरांचा सगळा अंदाज त्या दोन महिन्यांवर उभा होता. तेवढीच झीज सहा महिन्यांत झालेली असेल, तर आजार संथ होता. म्हणजे त्यांच्याजवळ वेळ जास्त होता. तो वेळ त्यांचा होता आणि माझ्याकडे अडकून पडला होता. तो द्यायचा तर त्यांच्याकडून कॅन्सस काढून घ्यावे लागणार होते. या दोन्हींचा हिशेब मला काही केल्या जमेना. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि उभ्यानेच म्हणाले, "हे डिसेंबरात सुरू झालेलं नाही. तिकडेच झालं होतं. सायकलीवर."

त्यांनी पेन खाली ठेवले. मी सगळे सांगितले: डावीकडची पोकळी, चप्पल, सीटची उंची.

"मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, माझंच काही चुकतंय. तुम्ही चाळीस वर्षं चालवताय..."

"आणि तू दीड."

"हो."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग विचारले, "टेकड्यांवर मी ओरडत होतो, तेव्हा?"

मी मान हलवली.

ते रागावले असते तर मला सोसले असते. ते टेबलाला धरून उठले, आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. संध्याकाळपर्यंत ते बाहेर आले नाहीत. मी दाराबाहेर दोनदा चहा ठेवला, दोनदा उचलला.

डॉक्टरांनी मात्र ही बातमी आनंदाने ऐकली. "अरे, ये तो अच्छी बात है! पहले क्यों नहीं बताया, भाभीजी?" त्यांनी कागदावर नवे आकडे मांडले, इतक्यात नोकरी सोडायची गरज नाही म्हणाले, आणि झीज थोडी मंदावणारे औषध सुरू केले. यजमान "थँक यू" म्हणाले. त्यांना वर्ष-दीड वर्ष जास्त मिळाले होते, आणि त्यांचा चेहरा काहीतरी हरवून आलेल्या माणसाचा होता.

परतताना गाडी मी चालवत होते. मुसफ्फाच्या पुलाजवळ ट्रकांची रांग लागली होती. समोर पाहतच ते म्हणाले, "कितव्या दिवशी?"

"काय?"

"नाटक करू नकोस. कितव्या दिवशी कळलं तुला?"

पाचव्या, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.

"सातव्या," मी म्हणाले.

"पाण्याच्या टाकीखाली विचारलंस, तो दिवस?"

"हो. त्याच सकाळी."

त्यांनी बोटांवर मोजल्यासारखे केले. डाव्या हाताची बोटे मिटत नव्हती म्हणून उजव्या हाताने ती एकेक मिटवली. "म्हणजे सहा दिवस माझे."

"सहा दिवस तुमचे."

"बारातले सहा." रांग पुढे सरकली. "निम्मं. निम्मं काही वाईट नाही."

मी गाडी पुढे घेतली. चार दिवस त्यांचे होते. पाचव्या आणि सहाव्या दिवसाचे मैल मी त्यांना दिले, आणि त्यांनी ते घेतले.

त्यानंतर आम्ही इथे आणखी दोन हिवाळे राहिलो. पहिल्यात ते काठी घेऊन कामावर जात होते, दुसऱ्यात नोकरी सुटून, माझ्या व्हिसावर, खुर्चीवरून खिडकीबाहेर पाहत होते. पाहुणे येत आणि जुन्या सवयीने कॅन्ससचा विषय काढत. "निम्मं मी नेलं, निम्मं हिनं," ते सांगत; पुढे जीभ जड झाल्यावर नुसतेच "निम्मं, निम्मं" म्हणत. त्यावर कोणाला हसता येत नसे. लोक "वा, वा" म्हणून बशीत पाहू लागत. मला आतून सांगावेसे वाटे की पूर्वीचेच सांगा, मला सामानच म्हणा. तेही मी बोलले नाही.

शेवटच्या महिन्यांत बोलणे पूर्ण थांबले. हो म्हणायचे असेल तर ते एकदा डोळे मिटत, नाही म्हणायचे असेल तर दोनदा. मुलगा रजा घेऊन आला होता. एका दुपारी तो पलंगाशेजारी बसून त्या प्रवासाचे फोटो फोनवर त्यांना दाखवत होता. मी पायथ्याशी बसून त्यांच्या पायांना तेल लावत होते. डावा पाय माझ्या मनगटाएवढा झाला होता.

ज्वारीच्या शेताचा फोटो गेला. टाकीचा गेला. टेकडीवरचा आला, मुलाने तिथे थांबून मान वर केली.

"आई, बाबा ऑलवेज सेड हाफ." तो दबकत म्हणाला. "वॉज इट रिअली हाफ?"

ते माझ्याकडे पाहत होते. पापणी हलत नव्हती.

"हो," मी म्हणाले. "निम्मं."

मुलाने पुढचा फोटो लावला. मी वाटीत बोटे बुडवली आणि उजव्या पायाला तेल लावायला घेतले.